अक्षराची जागा

अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. पण ते राहते कोठे? कागदावरच्या वळणात, जिभेवर, की आता यंत्रातल्या आकड्यात?

वाचकहो, संगणक अक्षर ओळखतो ते रूपाने नव्हे, आकड्याने. त्याकरिता युनिकोड नावाची साऱ्या जगाची एक सामाईक यादी आहे. तीत आपला 'य' २३५१ वर, 'ळ' २३५५ वर. वळण कितीही बदलो, आकडा तोच. मूर्ती गावोगाव निराळी, नाम एकच, तसे हे.

२००८ साली या यादीत मराठीचा 'ॲ' २४१८ या आकड्यावर बसला. त्याच आवृत्तीत लायबेरियातील वाई लोकांच्या लिपीची ३०० चिन्हेही आली. १८३० च्या सुमारास मोमोलू दुवालू बुकेले याने ती रचली. स्वप्नात दृष्टांत झाला, असे तो सांगे. दिंडीत थोर-लहान नाही, तसे येथेही नाही; ज्याची त्याची जागा ज्याला.

यंत्राला भाव कळत नाही, हे खरेच. पूर्वी 'अ' वर चंद्र जोडून 'ॲ' लिहीत. डोळ्यांना दोन्ही एक, यंत्राला दोन. पण एका बाबतीत ते आमच्याहून बरे. ते कोणाची बोली सुधारीत बसत नाही.

आमच्या खानदेशात 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया'. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि १९५२ त त्यांची गाणी छापून निघाली, ती त्यांच्याच बोलीत. त्यांतला 'य' काढून कोणी 'ळ' घातला असता, तर गाणी शुद्ध झाली असती. बहिणाबाई मात्र उरल्या नसत्या.

मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरीस निघालेल्या म्हाताऱ्या माउलींच्या ओव्या आज नातवंडे मोबाइलवर उतरवून घेतात. चांगलेच आहे. पण लिहिता लिहिता "आजी, असं नसतं गं," म्हणून तिचा शब्द बदलावा काय?

कोणी म्हणेल, मग शुद्धलेखन कशाला? ग्रंथाचा पाठ शुद्ध हवाच. पण तेथे शुद्धी म्हणजे काय? ज्याचा शब्द, त्याचा तसाच राखणे. मग तोच न्याय आजीला का नको?

आकडा जागा देतो; मान आपणच द्यावयाचा असतो.

रामकृष्णहरि.