एकाच दिशेला तोंड करून

पुण्यातली मैत्री कट्ट्यावर वाढते. गोल करून बसायचं, एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने तो खोडायचा, तिसऱ्याने दोघांनाही चहा पाजायचा. कट्ट्यांनी मला पुष्कळ दिलं आहे. पण आमच्या मित्रमंडळाला आणखी एक बैठक सापडली आहे आणि आज सकाळी तिच्याविषयी बोलावंसं वाटतं. ही बैठक भरते समुद्राकाठच्या खडकावर, हातात गळाची काठी घेऊन. कट्ट्यावर आपण एकमेकांसमोर बसतो. काठावर सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, पाण्याकडे. एवढ्या फरकाने मैत्रीत किती बदल होतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पुण्याला समुद्र नाही. तो गाठायचा तर रात्र संपायच्या आत निघावं लागतं. चांदणी चौकात सगळे जमतात, पौड मागे पडतं, मुळशीचा जलाशय अंधारातच उजवीकडून निघून जातो. ताम्हिणी उतरता उतरता उजाडतं आणि माणगावात चहा होतो. मग श्रीवर्धन, दिवेआगर किंवा हरिहरेश्वर. गाडीत काठ्या, शिशाची वजनं, तंगुसाची रिळं, बर्फात ठेवलेली कोळंबी आणि घरून बांधून दिलेल्या भाकऱ्या.

खडकावर उतरायची वेळ मात्र आम्ही ठरवत नाही. ती पंचांग ठरवतं. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरती पूर्ण होण्याचा तास आला. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्राबरोबर भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, तो सगळा हिशेब या एका गुणाकार-भागाकारात बसवलेला आहे. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण खडकावर कधी उतरायचं आणि कधी उठायचं हे कळायला पुरतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, फार चढतही नाही, फार उतरतही नाही, आणि मासाही सुस्त असतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. गळ टाकणाऱ्याला हवं असतं ते हलतं पाणी. ओहोटी संपून भरती वळली की पुढचे दोन-अडीच तास.

आमच्यातले बहुतेक जण आयुष्यभर आपल्या वेळेप्रमाणे इतरांना चालायला लावणारे. बैठका आम्ही बोलवायच्या, तारखा आम्ही द्यायच्या. इथे तो अधिकार चालत नाही. एकादशी बुधवारी आली आणि रजा शनिवारची असली, तर शनिवारचं जे पाणी असेल ते स्वीकारायचं. या स्वीकारण्याने माणूस किती हलका होतो!

खडकावरचे नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी जाऊ नये, असं तिथलं प्रत्येक माणूस बजावून सांगतो, कारण तिथल्या लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. आमच्यात कोणीही एकट्याने खडकावर जायचं नाही. समुद्राकडे पाठ करायची नाही. एक जण गळ बाजूला ठेवून नुसता पाण्यावर नजर ठेवतो आणि दर तासाला ही पाळी बदलते. शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवण्याआधी लाटांचा एक पूर्ण खेळ बघून घ्यायचा, कारण चार-सहा साध्या लाटांमागून एखादी मोठी येते. ज्याची पाळी असते त्याच्या भरवशावर बाकीचे निर्धास्त बसतात. मित्राच्या नजरेवर आपला जीव सोपवायचे प्रसंग शहरात फारसे येत नाहीत.

आणि मग वाट पाहणं. तंगूस तर्जनीवरून जातं, बोटाच्या पेराला हलकं टेकलेलं. पाण्याखाली शिसं वाळूवर घासतं तेही बोटाला कळतं, खेकडा आमिष कुरतडतो तेही कळतं. शिंगाळा येतो तो दांडगाईने, सरळ ओढत नेतो. तांबोशीचं तसं नाही. ती एकच हिसका देते आणि दुसऱ्याच क्षणी खडकातल्या कपारीकडे धाव घेते. तिथे पोचली की तंगूस कापलं गेलंच म्हणून समजा. तासन्‌तास काही घडत नाही आणि घडतं तेव्हा निमिषात घडून जातं. त्यामुळे लक्ष सारखं बोटावर असतं आणि जीभ मोकळी राहते.

याच मोकळेपणात माणसं बोलतात. आमचा एक मित्र, कट्ट्यावर सगळ्यांना हसवणारा. आई गेल्यानंतर वर्षभर त्याने त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. आम्ही विचारलं की विषय बदलायचा. एका सकाळी, दिवेआगरच्या पुढे खडकावर, गळ पाण्यात असताना तो बोलू लागला. शेवटच्या दिवसांत आईने त्याला ओळखलं नाही, हे त्याने समुद्राकडे बघत सांगितलं. आम्हीही समुद्राकडेच बघत होतो. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही, कुणी समजूत घातली नाही. समोर तोंडं असती तर आमच्या चेहऱ्यांवरचं दुःख त्यालाच सांभाळावं लागलं असतं. इथे ती जबाबदारी त्याच्यावर नव्हती. बऱ्याच वेळाने शेजारच्याने त्याच्या गळाला नवी कोळंबी लावून दिली.

मला वाटतं, सोबत म्हणजे काय हे त्या सकाळी आम्हाला नीट कळलं. दुःखी माणसाकडे टक लावून बघण्यापेक्षा तो जिकडे बघतो आहे तिकडे आपणही बघावं.

पण पाण्याकडे इतका वेळ बघत बसलं की पाण्यात कोण राहतं याकडेही लक्ष जातंच. तांबोशीचं उदाहरण घ्या. तिची पिल्लं खाडीत, कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि काही वर्षांनी मोठी होऊन खोल समुद्राकडे जातात, तिथे त्यांची वीण होते. म्हणजे खाडीच्या तोंडाशी गळाला लागलेली वीतभर तांबोशी ही अजून आई न झालेली पोर असते. तिला धरायचं तर आधी हात समुद्राच्या पाण्यात बुडवून ओले करायचे, कारण कोरड्या हाताला तिच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो आणि तोच तिचं आजारापासून रक्षण करत असतो. गळ ओठात असेल तर चिमट्याने उलटा फिरवून काढायचा. खोल गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापायचं. मग तिला पाण्यात दोन्ही हातांवर अलगद तोलून धरायचं, कल्ले उघडमीट होऊ लागेपर्यंत. शेपटीचा जोर तळहाताला जाणवतो आणि हात रिकामे होतात.

शिंगाळ्याची गोष्ट तर मला फार मोठी वाटते. मादीने घातलेली गोटीएवढी अंडी नर तोंडात घेतो आणि पिल्लं बाहेर पडून पोहू लागेपर्यंत तोंडातच सांभाळतो. तेवढे आठवडे तो जवळपास काही खात नाही. पश्चिम किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली, तेव्हा अशा अंडी सांभाळणाऱ्या नरांचे थवेच्या थवे वेढले गेले आणि शिंगाळ्याची मासेमारी पुढे ढासळली. बाजारात ज्याला फारसा मान नाही असा हा मासा, काट्याने हात फोडणारा. पण बापाचा असा उपास मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

म्हणून आमच्या मंडळाने काही गोष्टी ठरवून टाकल्या. एका जेवणापुरते मासे ठेवायचे, बाकी सोडायचे. घरच्यांसाठी हवे असतील तर परतताना बाजारात कोळणीकडून विकत घ्यायचे, तिच्या घराचं पोट त्यावर आहे. आमचा छंद तिच्या धंद्याच्या आड येता कामा नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ती काठावरच्या गळाला लागू नाही, तरी त्या काळात आमच्याही काठ्या माळ्यावर जातात. राज्याने 2023 साली 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्यापेक्षा लहान मासा पकडू नये म्हणून. तो नियम व्यापारी मासेमारीसाठी असला तरी आकाराचं भान आम्हालाही हवं. आणि तुटलेल्या तंगुसाचा प्रत्येक तुकडा गोळा करून परत आणायचा. पायाला तंगूस गुंडाळून लंगडणारा पाणपक्षी एकदा पाहिला की हे कुणी सांगावं लागत नाही.

महाडकडून जायचं झालं तर आम्ही वाट वाकडी करून वाळणकोंडीला थांबतो. काळ नदीचा खोल डोह, काठावर वरदायिनी देवी. डोहातले महाशीर देवीचे मानले जातात, त्यांना कुणी पकडत नाही. लोक काठावर बसतात आणि पाण्यात खाऊ टाकतात, की ते मोठमोठ्या खवल्यांचे मासे वर येतात. आमच्या देहूलाही इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना वारकरी असाच घास घालतात. गळ न टाकताही माणसं पिढ्यान्‌पिढ्या पाण्याकडे तोंड करून बसत आली आहेत.

इथून विचार घरी येतो. या महाशीराचं शास्त्रीय नाव ‘टोर खुद्री’. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं ते इथल्या लोकांच्या तोंडचं, आणि मासा होता पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. जगभर ज्याच्या मागे गळवाले वेडे होतात, त्या माशाची शास्त्रातली ओळख आपल्या नदीच्या पत्त्यावर नोंदलेली आहे. हे मला कळलं तेव्हा मी लकडी पुलावर जाऊन उभा राहिलो. किती वेळा या पुलावरून गेलो असेन! खाली बघण्यासाठी थांबलो तो त्या दिवशी.

या माशासाठी काम झालं नाही असं नाही. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीने 1970च्या दशकात महाशीराची पैदास सुरू केली. तिथली पिल्लं पुढे देशातल्या अनेक पाण्यांत गेली. निळसर परांच्या या महाशीराला नामशेष होण्याचा धोका आता पूर्वीइतका मानला जात नाही. पण यातली काही पिल्लं कावेरीतही सोडली गेली आणि तिथे ती इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा, मदार असलेला महाशीर मागे हटत गेला. 2018 साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. मनापासून केलेल्या मदतीनेही नदीचं नुकसान होऊ शकतं, कारण प्रत्येक नदीची माणसं जशी वेगळी तसे मासेही वेगळे. कोणत्या पाण्यात कोण राहतं, हे आधी नीट बघितलं पाहिजे. आणि ते बघायला काठावर बसावं लागतं.

आपण पुणेकरांनी नदीकडे पाठ केली आहे, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, मला त्याचं दुःख आहे म्हणून सांगतो. ओंकारेश्वराजवळचा, वृद्धेश्वराजवळचा घाट बघा. पायऱ्या पाण्याकडे उतरतात. ज्यांनी त्या बांधल्या त्यांना नदीकडे तोंड करून बसायचं होतं. नंतरच्या इमारतींनी नदीच्या बाजूला भिंती घातल्या आणि सांडपाण्याची तोंडं तिकडे वळवली. महाशीराला वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. शहरातल्या मुठेत तो कसा राहील? आज बंडगार्डनच्या बाजूला गळ टाकून बसलेल्या माणसांच्या पिशवीत डोकावलं तर बहुतेक चिलापी दिसते, बाहेरून आणलेली, गढूळ पाण्यातही तगणारी. तरी त्या माणसांविषयी मला आदर आहे. एवढ्या मोठ्या शहरात पाण्याकडे तोंड करून बसलेली तीच तर उरली आहेत.

म्हणून यंदा दिवाळीनंतर आमच्या मंडळाने समुद्राच्या एका फेरीऐवजी खडकवासल्याच्या वरच्या अंगाला जायचं ठरवलं, काठ्या न घेता. धरणाकाठच्या एका गावात एक वयस्क मासेमार काका आहेत. त्यांच्याबरोबर काठावर बसलो. ते माशांची नावं सांगत गेले, आम्ही वहीत लिहीत गेलो: मळ्या, आंबळी, वांब, मरळ, शिवडा, कोळशी. प्रत्येक नावापुढे आम्ही रकाना आखला होता, शेवटचा कधी पाहिला. काकांनी आठवून आठवून साल सांगितलं, कुठे जाळ्यात, कुठे नुसताच पाण्यात. महाशीराचं नाव आलं तेव्हा आमच्यातला एक जण पेन सरसावून बसला. काकांनी त्याचा हात धरला. म्हणाले, “थांबा. वरच्या डोहांकडं उन्हाळ्यात पाणी नितळ असतं. तवा या, दोन दिस माझ्यासंगं काठावर बसा, आन्‌ मग काय ते लिवा.”

मार्चमधल्या तारखा आम्ही राखून ठेवल्या आहेत.