ओवाळणी

पाडव्याचे ओवाळणे हे प्रेम, की केवळ रीत? महाराष्ट्रात असताना हा प्रश्न मला कधी पडला नाही. तेथे बलिप्रतिपदेला सरकारी सुट्टी असते. पाट मांडला जातो, पत्नी ओवाळते, पती तबकात ओवाळणी घालतो. कोणालाच काही ठरवावे लागत नाही. दिल्लीत आम्हां केंद्रीय कारकुनांस मात्र हा दिवस हवा असल्यास, वर्षाकाठच्या २ ऐच्छिक सुट्ट्यांपैकी एक गोवर्धनपूजेच्या नावाने खर्चावी लागते.

गेल्या वर्षी ती मी राखून ठेवली. कस्तुरबा गांधी मार्गावरील कचेरीतून निघून, तेथल्याच २०१३ साली उघडलेल्या महाराष्ट्र सदनावरून घरी पोहोचलो, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. मुलगी झोपली होती. निरांजनात दोनदा तूप घालून झाले होते. मी साडी दिली. ‘साडी उद्याही चालली असती,’ एवढेच पत्नी म्हणाली.

रीत पाळणारा प्रेम करतोच असे नाही, हे खरे. परंतु परमुलखात रीत आपोआप चालत नाही. कोणीतरी आपला दिवस मोडून ती चालवावी लागते. तिच्या वाटची ओवाळणी तोच दिवस होता, आणि तो मी फायलींस दिला. यंदाचा अर्ज मी आजच लिहून ठेवला आहे.