बीबीचे नाव

छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादेस, पाहुणा आला की यजमान त्याला प्रथम मकबरा दाखवावयास नेतो. पाहुणा घुमट पाहतो, ताजमहालाशी त्याची तुलना करतो, छायाचित्र काढून घेतो आणि पाणचक्कीकडे वळतो. ज्या स्त्रीसाठी ही वास्तू उभी राहिली तिचे नाव काय, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही, कारण वास्तूच्या नावातच त्याचे उत्तर असल्यासारखे वाटते. बीबी का मकबरा. परंतु बीबी म्हणजे बाईसाहेब. ते काही नाव नव्हे.

तिचे नाव दिलरस बानू. औरंगजेबाची ही पहिली पत्नी. १६५७ साली पाचव्या अपत्याच्या जन्मानंतर महिन्याभरातच ती याच शहरात वारली. आमच्या खेड्यापाड्यांतील किती माता अशा ओल्या बाळंतपणात गेल्या असतील! मरणानंतर तिला ‘राबिया-उद-दुर्रानी’, म्हणजे आपल्या युगाची राबिया, ही पदवी मिळाली. मूळ राबिया ही बसऱ्याची, आठव्या शतकातील थोर सूफी साध्वी. दिलरसचा सन्मान झाला तोही असा दुसऱ्या स्त्रीचे नाव पांघरून. मकबऱ्याच्या बांधकामाला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आला, असे इतिहासकार नमूद करतात. प्रवेशद्वारावर अताउल्ला आणि हंसपत राय या कारागिरांची नावे कोरलेली आहेत. आण्यापर्यंतचा हिशेब शिल्लक राहिला आणि बीबी मात्र लोकांच्या तोंडी नुसती बीबीच राहिली. ज्या शहराने खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर अशी आपली नावे पाहिली, त्याला नावाचे मोल कोणी नव्याने शिकवावयास नको.

याच्या उलट गोष्ट नाणेघाटात दिसते. आपले पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्या घराण्यातील राणी नागनिका हिचा शिलालेख जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात आहे. तेथे राजा, राणी आणि राजकुमार यांच्या मूर्ती होत्या व प्रत्येकीच्या वर नाव कोरलेले होते. मूर्ती कधीच्या नाहीशा झाल्या, नावे मात्र राहिली. त्याच कुळातील गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात लेख कोरविला आणि त्यात स्वतःपेक्षा पुत्राचेच पराक्रम अधिक विस्ताराने सांगितले. तथापि तो पुत्र इतिहासाला ठाऊक आहे तो गौतमीपुत्र म्हणून! आईचे नाव लावण्याची ही रीत पुढे आपण विसरलो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव घालण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरविले, तेव्हा कित्येकांना ते परके वाटले. पैठण तालुक्यात राहणाऱ्यांना तरी ते तसे वाटू नये.

परंतु राण्यांची चिंता आपण करावयास नको. त्यांना आज ना उद्या संशोधक भेटतोच. आमच्या मनात घोळत आहेत त्या स्त्रिया वेगळ्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात पाचोडच्या आसपास, आणि साऱ्या मराठवाड्यात, ज्यांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी खाऊन आणि पदराखाली मूल घेऊन दिवस काढले, त्या या स्त्रिया. आज आपण ज्या रस्त्याने बीडकडे किंवा पैठणकडे जातो आणि ज्या तलावाच्या पाझराने विहिरीला पाणी राहते, त्यांत त्यांचा घाम मुरलेला आहे. मोसंबीच्या बागा डोळ्यांना सुखवितात, पण त्यांना पाणी कोणाच्या डोक्यावरच्या घमेल्यांनी अडविले, हे बागाईतदारही विसरला. जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले, हे शाळेतील मूलही सांगेल. ते योग्यच आहे. मजूर बायांची नावे मात्र केवळ हजेरीपटावर, ज्याला सारे मस्टर म्हणत, तेवढ्यापुरती लिहिली गेली. नावासमोर अंगठा उठला, पगार झाला, कागद रद्दीत गेला.

आणि नाव तरी कोणते? आमच्या ख्रिस्ती वस्त्यांतील जुन्या स्त्रीला बहुधा तीन नावे असत. एक माहेरचे, दुसरे सासरी बदललेले, तिसरे स्नानसंस्कारात मिळालेले. एवढी नावे असूनही जन्मभर तिला हाक मारली गेली ती ‘अमक्याची आई’ म्हणून.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. श्रद्धावंत विचारतील, परमेश्वर कोणाला विसरतो काय? यशया संदेष्ट्याने सांगितले आहे की आई एक वेळ आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल, पण देव विसरणार नाही. त्याने आपल्याला तळहातावर कोरून ठेवले आहे. मग पृथ्वीवर फलक लावून, पुतळे उभारून त्या मृत स्त्रियांना कोणता लाभ? त्यांना मिस्साबलिदान पुरेसे आहे. शिवाय नासरेथच्या घरात प्रभूने तीस वर्षे अज्ञातवासात काढली. नम्र, अप्रसिद्ध जीवन हाच का ख्रिस्ती आदर्श नव्हे?

मृतांना आमच्या फलकांची गरज नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु स्मरण हे केवळ त्यांच्या लाभासाठी असते काय? उपकारकर्त्याचे ऋण त्याला गरज असो वा नसो, ऋणच असते. देवाच्या वहीत त्याची नोंद आहे म्हणून आमच्या वहीतून ते खोडावयास आम्ही मोकळे होत नाही. मालकाने मजुराला सांगावे की ‘तुझे कष्ट देव पाहतो आहे’ आणि मजुरी बुडवावी, असाच तो युक्तिवाद होईल.

आता अज्ञातवासाविषयी. अज्ञातवास दोन प्रकारचा असतो आणि या दोहोंची गल्लत व्यासपीठावरून फार सहज होते. नासरेथचा अज्ञातवास स्वीकारलेला होता. लिझ्यूच्या संत तेरेजाने मठाच्या चार भिंतींत लपून राहणे स्वतः निवडले. आणि तिलाही वरिष्ठांनी आपले जीवन लिहावयास सांगितले, म्हणून १८९७ मध्ये ती वारल्यानंतर वर्षभरात तिचे आत्मवृत्त जगापुढे आले. कोणीतरी तिला विचारले, हे विसरू नये. जिला कोणी कधी विचारलेच नाही, तिच्या मौनाला नम्रता म्हणणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. जवळ असलेली वस्तूच माणूस देवाला अर्पण करू शकतो. जिच्याजवळ नाव राहूच दिले नाही, तिने प्रसिद्धीचा त्याग केला असे कसे म्हणावे? नम्रतेचे प्रवचन द्यावयाचे तर ते नाव असलेल्यांना द्यावे, त्यात आम्ही धर्मगुरू प्रथम.

आपल्या मिशनचा इतिहास पाहा. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले. घोगरगाव आणि फादर गुरियन जाकिये ही नावे आजही आदराने घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. मिशनच्या मास्तरांची नावेही बऱ्याच घरांत माहीत असतात. परंतु मास्तरीणबाई? बायकांना प्रार्थना तोंडपाठ कोणी करून दिल्या? मरणासन्न माणसाच्या उशाशी रात्रभर जपमाळ घेऊन कोण बसले?

प्रभूची या बाबतीतील रीत स्पष्ट होती. बेथानी येथे एका स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेलाने त्याला अभ्यंग केला, तेव्हा जेथे जेथे शुभवर्तमान गाजविले जाईल तेथे तेथे तिच्या स्मरणार्थ हे कृत्य सांगितले जाईल, असे वचन त्याने दिले. असे वचन त्याने अन्य कोणाला दिल्याचे आम्हांस आठवत नाही. आणि गंमत, किंवा खेद, असा की हे वचन नोंदविणाऱ्या संत मार्कने त्या स्त्रीचे नावच लिहिलेले नाही. संत योहान मात्र अशाच प्रसंगी ती मार्थाची बहीण मरिया असल्याचे सांगतो. स्मरणाची आज्ञा मिळूनही नाव गळू शकते, ते असे!

स्मरण करतानाही सावध असावे लागते. चुकीचे स्मरण हा विस्मरणाचाच भाऊ. मग्दालिया मरिया ही पुनरुत्थित प्रभूची पहिली साक्षीदार. परंतु ५९१ साली पोप थोर ग्रेगरी यांच्या प्रवचनात तिची सांगड लूकच्या शुभवर्तमानातील पापी स्त्रीशी घातली गेली आणि पुढे पश्चिमेत शतकानुशतके तिला पतिता म्हणूनच रंगविले गेले. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. इतका काळ लागला! आपल्याकडे निजामाच्या राजवटीविरुद्ध लढलेल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांना ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हणण्याची प्रथा आहे. हेतू चांगला आहे. परंतु दगडाबाई म्हणून त्या पुरेशा नव्हत्या काय? दिलरसला राबिया केले, दगडाबाईंना लक्ष्मीबाई केले. खडी फोडणाऱ्या बाईलाही आपण उद्या वीरांगना किंवा संत करून टाकू आणि तिचे खरे जगणे, त्यातील भांडणे, हट्ट, विनोद, तंबाखूची मिश्री हे सारे पुसून टाकू. तिचे ऋण मानण्यासाठी तिने निर्दोष असण्याची अट नाही.

नोव्हेंबर महिन्यात मृतविश्वासूंच्या मिस्सासाठी कुटुंबे पाकिटांवर नावे लिहून देतात. त्यांत पुरुषांची नावे बहुधा संपूर्ण असतात, आडनावासह. स्त्रियांच्या जागी पुष्कळदा ‘आई’, ‘आजी’, ‘मोठी आजी’ एवढेच असते. हे प्रेमापोटी लिहिलेले असते यात संशय नाही. नातवाला आजीचे नाव घेण्याची कधी वेळच आलेली नसते. मिस्साच्या पहिल्या कृपादान प्रार्थनेत आम्ही फेलिसिता, पर्पेत्वा, आगाथा, लुसिया, आग्नेस, सेसिलिया, अनास्तासिया या सात स्त्रियांची नावे घेतो. त्यांतील फेलिसिता तर दासी होती. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी आफ्रिकेत मारल्या गेलेल्या एका दासीचे नाव पाचोडच्या परिसरात घेतले जाते आणि त्याच वेदीवर आपली आजी निनावी राहते.

तेव्हा येत्या २ नोव्हेंबरपूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला एवढे विचारावे की तिला माहेरी काय म्हणत. ते आठवत नसेल तर माहेरचे गाव लिहावे. तेही नसेल तर तिने काय काम केले ते लिहावे, कोणत्या तलावावर, कोणाच्या शेतात, किती बाळंतिणींच्या उशाशी. शक्य तेथे नोंदवह्याही पाहाव्यात. १९८३ च्या कॅनन लॉच्या ८७७ व्या कलमानुसार स्नानसंस्काराच्या नोंदीत आईबाप, साक्षीचे मायबाप आणि संस्कार देणारी व्यक्ती यांची नावे लिहावी लागतात. मरणाच्या दारातील अर्भकाला गरजेच्या वेळी कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो, म्हणून क्वचित तेथे एखाद्या सुईणीचेही नाव सापडेल. आपापल्या धर्मग्रामाच्या कचेरीत रविवारच्या मिस्सानंतर विचारणा करावी. जुनी शाई फिकट झालेली असते आणि अक्षर लागावयास वेळ लागतो, पण आईच्या नावाचा रकाना सहसा रिकामा नसतो.