खाणीतलं मरण आणि दैव

१३ मे २०१४ रोजी तुर्कस्तानातल्या सोमा इथल्या कोळसा खाणीत आग लागली आणि ३०१ जण मेले. बहुतेक विषारी वायूने गुदमरून. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान एर्दोआन तिथे गेले आणि असे अपघात या धंद्याच्या प्रकृतीतच असतात, असं म्हणाले. दाखले दिले ते एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश खाणींचे.

असं बोलणं म्हणजे अपघात दैवावर ढकलणं, आणि ते श्रद्धाळू माणसालाच आधी खटकायला हवं. मरण कधी यायचं ते देवाच्या हाती असेल, पण खाणीच्या हवेत मिथेन किती, हे मोजता येतं. मोजता येणारी गोष्ट दैवाच्या खात्यावर टाकणं ही भक्ती नव्हे. पोलंडचे खाणकामगार ४ डिसेंबरला संत बार्बराला साकडं घालतात, धनबादकडचे कालीमातेला. म्हणून पंखा बंद ठेवून कुणी खाली उतरत नाही.

ब्रिटनने १८५० मध्ये निरीक्षकांना प्रत्यक्ष खाणीत उतरायचा अधिकार दिला. अमेरिकेत जमिनीखालच्या प्रत्येक खाणीची वर्षातून चारदा पूर्ण तपासणी होते आणि तिची आगाऊ खबर देणं हा गुन्हा आहे. तरी ५ एप्रिल २०१० रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या अपर बिग ब्रँच खाणीत २९ जण गेले. निरीक्षक फाटकाशी आला की पहारेकरी रेडिओवरून आत कळवत. वह्याही दोन होत्या: एकीत धोके नोंदलेले, तर निरीक्षकाला दाखवायच्या वहीतून ते गाळलेले. कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दात झिजले होते, पाण्याचे फवारे धड नव्हते. ठिणगीने मिथेन पेटला आणि साचलेल्या कोळशाच्या धुळीने स्फोट दूरवर नेला. वही लिहिणाऱ्याला धोका ठाऊक होता. मग हे प्रारब्ध कसं?

न्यूझीलंडमध्ये त्याच वर्षी पाइक रिव्हर खाणीत २९ जण मेले, तेव्हा देशभरात खाण निरीक्षक होते दोन. सोमाची तपासणी तर आगीच्या दोनच महिने आधी झाली होती.

बाहेरून येणारा निरीक्षक काही तासांत निघून जातो. धोक्यात रोज राबतो तो कामगार. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने हे ओळखलं. तिथे कामगारांनी निवडलेला सुरक्षा प्रतिनिधी धोका दिसताच काम थांबवू शकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९५ चा १७६ क्रमांकाचा करारही कामगाराला धोक्याच्या जागेतून निघून जायचा हक्क देतो. सोमानंतर, २०१५ मध्ये, तुर्कस्तानने तो स्वीकारला. १९७५ मध्ये चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसं गमावणाऱ्या भारतानेही त्यावर सही करावी.