भिंतीखालचे सगळे



मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत कोसळली आणि चोखोबाराय तिच्याखाली गेले, ही कथा आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. परंपरा हा प्रसंग शके १२६०चा, म्हणजे इ. स. १३३८चा सांगते. नामदेवराय मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यातले एकेक हाड उचलून त्यांनी कानाशी धरले, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून ओळखले आणि पंढरीस आणून महाद्वारी समाधी दिली. इथे टाळ घुमतो, डोळे भरून येतात आणि कीर्तन पुढे सरकते.

आपण आज इथेच थोडे थांबू. त्या भिंतीखाली चोखोबा एकटे नव्हते. कामाला आलेले आणखी मजूर होते. नामदेवरायांनी कानाशी धरून पुन्हा खाली ठेवली, ती हाडे कोणाची?

हा प्रश्न जुना झालेला नाही. नामदेवराय जातीने आणि धंद्याने शिंपी. त्यांच्याच धंद्यातली एक भिंत आपल्या डोळ्यांदेखत कोसळली आहे. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर नावाचे गाव आहे. तिथली राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी सकाळी खाली आली. तिच्यात कपडे शिवण्याचे पाच कारखाने होते. वरचे मजले बेकायदा चढवलेले. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले, आणि पगार अडेल या भीतीने ते आत गेले. ११३४ जीव गेले. त्यांत बाया जास्त, पुष्कळ तर वयाने पोरीच. तेव्हा तिथे शिवणकामाचा किमान पगार महिन्याला ३००० टका होता. ते कपडे युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जायचे.

तिथेही प्रेते ओळखू येईनात. काहींची ओळख नातलगांच्या रक्ताशी ताडून पटवावी लागली. ज्यांची पटली नाही त्यांना ढाक्याच्या जुराईन कबरस्तानात पुरले आणि थडग्यांवर नावाच्या जागी क्रमांक घातले.

आणि ढिगाऱ्यात आणखी एक शोध चालला होता. कामगारांच्या बाजूने उभे राहिलेले लोक कपड्यांच्या गळ्याशी शिवलेली लेबले शोधत होते. हा माल कोणाचा? कारण कंपन्यांकडे विचारणा केली तेव्हा काहींनी सरळ कानांवर हात ठेवले, आमचे काम तिथे चालतच नव्हते म्हणाल्या. माउली, मला त्या लेबले वेचणाऱ्यांत नामदेवरायांची आठवण येते. यांनी हाड कानाशी धरले, त्यांनी चिंधी डोळ्यांशी धरली. दोघांनीही “एवढ्या ढिगातून कसे कळणार?” असे म्हटले नाही.

त्या धडपडीला फळ आले. मे २०१३मध्ये इमारतींच्या व आगीच्या सुरक्षिततेचा कायद्याने बांधील करणारा करार झाला. त्यावर दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या आणि दीड हजारांवर कारखान्यांची तपासणी झाली. मृतांच्या वारसांसाठी व जखमींसाठी तीन कोटी डॉलरचा निधी ठरला. तो पुरा भरायला जून २०१५ उजाडले. दोन वर्षे! एवढ्या श्रीमंत कंपन्या, पण लोकांनी पाठ धरल्याशिवाय हात खिशाकडे जाईना.

आता तुम्ही विचाराल, घेणाऱ्याला यात काय दोष? त्याने भिंत पाडली नाही, कोणाला आत कोंडले नाही. खरे आहे. ज्याच्याकडे दोनच सदरे आहेत आणि तिसरा आठवडी बाजारातून घेतो, त्याला मी तर काहीच म्हणणार नाही. त्याच्याकडून हिशेब मागणे म्हणजे चोखोबांनाच भिंतीची तक्रार सांगणे. प्रश्न भरलेल्या कपाटांचा आहे. दर महिन्याला नवे हवे, स्वस्त हवे आणि लगेच हवे, ही मागणी वरून खाली उतरत उतरत शेवटी शिवणयंत्रावरच्या पोरीच्या हातावर येते. तडे गेलेल्या इमारतीत माणसे घालावीशी वाटतात ती मालाची तारीख चुकू नये म्हणून.

महाग घेतले की सुटलो, असेही नाही. राणा प्लाझात स्वस्त दुकानांचा माल शिवला जात होता, तसा भारी नावांचाही. तिथला माल घेणेच बंद करा, हाही उपाय मला पटत नाही. काम बंद पडले तर चूल त्यांचीच विझते. त्या बायांना काम हवे होते. पुरेसा पगार, संघटना करण्याचा हक्क आणि संध्याकाळी जिवंत घरी परतण्याची खात्री, एवढेच त्यांचे मागणे.

मग उरते ते विचारणे. तुकोबाराय दुकानदार होते. धन कसे जोडावे आणि कसे वेचावे, दोन्ही त्यांनी सांगितले. आपण मात्र जोडण्याचाच भाग पाठ केला आहे. पैसा सचोटीचा असला की तो कुठेही खर्चावा, अशी आपली सोयीची समजूत झाली आहे. न कळणे हा दोष नव्हे. पण न कळण्यातच सुख मानून घेणे, त्याला काय म्हणावे?

दूरच्या कंपनीला आपण काय विचारणार, ते सोडा. आपल्या दिंड्याच घ्या. वारीआधी शेकड्यांनी टोप्या, उपरणी, हल्ली एकसारखे छापील टी-शर्टही घेतले जातात. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाचे दुकानदार ऐकणार नाही, पण तीनशे नगांची मागणी घेऊन आलेल्या दिंडीचालकाला तो चहा पाजतो. चहा पिता पिता चालक माउलींनी दोनच गोष्टी विचाराव्यात: हे कुठे शिवले आणि शिवणाऱ्या बाईला नगामागे काय पडते? पहिल्या वर्षी तो “माहीत नाही बुवा” म्हणेल. पण पुढच्या ज्येष्ठात हेच गिऱ्हाईक हेच विचारणार, हे त्याला ठाऊक असेल, आणि मागणी हातची जाऊ नये म्हणून तो आधीच चौकशी करून ठेवील.