साडेसात कोयते

गंगाखेड तालुक्यातलं एक गाव. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी भरायची, वर लेकरं बसवायची आणि लांबचा कारखाना गाठायचा. परत यायचं ते पाडव्याच्या मागंपुढं. तोवर शाळेत अर्ध्याहून जास्त पुस्तक शिकवून झालेलं असायचं.

असाच एक मुलगा पाडव्यानंतर पाचवीच्या वर्गात मागं येऊन बसला. पोरं त्याला नावानं हाक मारत नसत, 'पाहुणा' म्हणत. हे नाव आदल्या वर्षीच्या गुरुजींनी ठेवलेलं. "आले का पाहुणे? बसा, बसा. तसंही तुम्हाला कोयताच धरायचाय." गुरुजी मनानं वाईट नव्हते. शाळेत वेळेवर यायचे, कुणाच्या अंगाला कधी बोट लावायचे नाहीत. पण तोंडाला आवर नव्हता. बोलायचे आणि घंटा झाली की विसरून जायचे. मुलगा विसरत नव्हता, वर्गही विसरत नव्हता. गुरुजींची बदली झाली तरी त्यांचा शब्द वर्गात तसाच राहिला.

शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात कलम 17 आहे. लेकराला मारायचं नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही, असं ते सांगतं. छडी गेली ते फार चांगलं झालं. पण छडीचा वळ आईला दिसायचा तरी. शब्दाचा वळ लेकरू घरी दाखवत नाही. ते नुसतं मागच्या ओळीत जाऊन बसतं.

त्या वर्षी वर्गाला नव्या बाई आल्या होत्या. फळ्यावर अपूर्णांक चालू होते. बाईंनी त्या मुलाला उठवलं तसं तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मला नाही येत बाई. मी ऊसतोडीला गेल्तो."

"पाहुणा हाय त्यो!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

बाईंनी वर्गाला दटावलं नाही, की मुलाला 'तुला येईल रे बाळा' असंही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या टोळीत कोयते किती होते?"

"साडेसात."

वर्ग पुन्हा हसला. अर्धा कोयता कसला? मुलानं पहिल्यांदा मान वर केली. या हसणाऱ्यांना एवढंही माहीत नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. "नवरा-बायको मिळून एक कोयता," तो सांगू लागला. "गडी एकटा असला की अर्धा. माझा चुलता एकटाच होता."

"मग तोडणारी माणसं किती?"

"पंधरा." बोटं मोजावी लागली नाहीत.

"आणि अर्ध्या कोयत्याला उचल?"

"पुऱ्या कोयत्याला असती त्याच्या निम्मी. पुऱ्याला 1 लाख असली तर चुलत्याला 50 हजार."

बाईंनी फळ्यावर 7½ लिहिलं आणि त्याखाली 15/2. मग वर्गाकडं वळून त्या म्हणाल्या, "मी सकाळपासून जे शिकवतेय ते याला आधीच येतं. फळ्यावर कसं मांडायचं तेवढं राहिलंय, ते तुम्ही त्याला दाखवा. अर्ध्याचा हिशेब तोंडी कसा करायचा ते तो तुम्हाला दाखवेल. आणि तो पाहुणा नाही. तोडीवरच्या झोपडीत, कोपीवर धाकट्या भावाला सांभाळून, पाणी भरून, कामावरून आलाय."

या बोलण्यात 'शाब्बास' कुठंच नव्हतं. पोकळ शाबासकी पोरांना लगेच कळते आणि जिला मिळत नाही ती पोरगी उगीच खट्टू होते. बाईंनी लेकराला काय येतं ते आधी सांगितलं, काय राहिलंय ते मागून सांगितलं, आणि दोन्ही खरं सांगितलं. शिकवणाऱ्याच्या जिभेला एवढं वळण लागलं तरी वर्ग बदलतो, कारण बाई जशा बोलतात तशीच पोरं एकमेकांशी बोलतात.

तसंच झालं. आठवड्याभरात पालमकडून आजोळी आलेली एक मुलगी वर्गात बसली, तर पोरांनी विचारलं, "तू पण कामावरून आली का?" कुणी बेरीज चुकवली तर शेजारचा म्हणू लागला, "हातचा राहिला बघ तुझा." पूर्वी तोच 'ढ' म्हणून मोकळा व्हायचा.

बाईंनी एकदा गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट सांगितली. नामदेवांच्या घरची दासी, पण जातं, उखळ, झाडलोट हे तिचं रोजचं काम तिनं अभंगात आणलं, आणि कित्येक शतकं झाली तरी लोक ते गातात. काम हलकं म्हणून तिनं ते लपवलं नाही. मग मुलानं आपणहून उसाच्या मोळ्यांची, टनांची गणितं घातली आणि वर्गानं ती सोडवली.

त्याचं वाचन मात्र लगेच सुधारलं नाही. जोडाक्षरं अडायची. बाई शाळा सुटल्यावर त्याला घेऊन बसायच्या आणि रोज एवढंच सांगायच्या, "काल या ओळीत तीनदा थांबलास, आज एकदा." तो दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

पुढच्या दसऱ्याला मुकादम उचल घेऊन दारात आला. बापानं पैसे मोजायला घेतले, तर मुलगा शेजारी बसून मागच्या हंगामाची फिटलेली आणि राहिलेली रक्कम पाटीवर मांडत होता. मुकादमाचा आकडा आणि पाटीवरचा आकडा जुळेना. पुन्हा हिशेब झाला, आणि पाटीवरचा बरोबर निघाला.

मुकादम म्हणाला, "पोरगं हुशार हाय. घेऊन चला, टोळीचा हिशेब ठेवंल."

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "औंदा ते येणार नाही. शाळेत हंगामी वसतिगृह हाय, तिथं जेवंल, रातच्याला आजीपाशी झोपंल."

"अन् कोपीवर धाकट्याला कोण बघंल?"

"धाकटा बी ऱ्हाईल. त्यालाबी बाईच्याच शाळंत घालायचंय."