बाजूने आलेला उजेड

पातेल्यातले दूध वरून खालपर्यंत एकसारखे पांढरे दिसते. ते समांगी मिश्रण की विषमांगी, असे शाळेतल्या मुलाला विचारले, तर डोळ्यांवर विश्वास ठेवून ते ‘समांगी’ म्हणते. पण दूध विषमांगी आहे. त्यातल्या पाण्यात स्निग्धाचे गोलक आणि केसिनचे कण तरंगत असतात. दूध हे कलिल. कलिलातले कण साधारण १ ते १००० नॅनोमीटरचे. गाळणकागदातून निसटणारे आणि सहजी तळाशी न बसणारे. द्रावणाचा भास व्हावा असेच त्यांचे वागणे.

हे उत्तर आज एका ओळीत सांगता येते. ते मिळवायला मात्र फार चिकाटी लागली. १८५७ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेने सोन्याचे माणिकलाल द्रव तयार केले. समोरून पाहिले तर निर्मळ, पारदर्शक. पण भिंगाने एकवटलेला प्रकाश आत सोडला की बाजूने पाहणाऱ्याला त्याची वाट उजळलेली दिसे. सोने विरघळलेले नाही, त्याचे कण पाण्यात पसरले आहेत, हे फॅरडेने ओळखले. त्याच्या त्या कुप्या रॉयल इन्स्टिट्यूशनने आजवर जपल्या आहेत.

तरी एकेकटा कण कुणाला दिसला नव्हता. ते साधले रिचर्ड झिग्मोंडीने, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, हेन्री झीडेनटोप्फच्या साथीने. प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान कणाचा आकार दिसणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या द्रवात प्रखर प्रकाश बाजूने सोडला. काळोख्या पार्श्वभूमीवर कण चमकते ठिपके होऊन उमटले, अखंड हलणारे. आता ते मोजता आले. द्रवात सोने किती हे ठाऊक होतेच. त्यावरून एका कणाच्या वाट्याला किती येते, हेही काढता आले. कलिल द्रावणे विषमांगी असतात हे दाखवून दिल्याबद्दल आणि त्यासाठी वापरलेल्या पद्धतींबद्दल झिग्मोंडीला रसायनशास्त्राचे १९२५ चे नोबेल मिळाले.

नुसत्या प्रखर उजेडाने हे झाले नसते. डोळ्यांत थेट शिरणारा उजेड टाळावा लागला, आणि मला या शोधात तेच सर्वांत मोलाचे वाटते. एखादी गोष्ट ‘सगळी एकसारखी’ आहे असे म्हणताना आपण ती कुठून पाहिली, हेही सांगायला हवे. घरी पेलाभर पाण्यात दुधाचे दोनचार थेंब टाकून अंधारात बॅटरीचा झोत सोडावा. त्याची वाट बाजूने स्पष्ट दिसते.

डेअरीत साय वर येऊ नये म्हणून दूध मोठ्या दाबाने बारीक फटीतून ढकलतात. गोलक फुटतात, दूध आणखी एकजीव दिसते. पण गोलकाचा व्यास दहावा हिस्सा झाला की एकाचे हजार होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ दहापट वाढते. स्निग्ध आणि पाणी यांच्यातली सीमा तेवढीच रुंदावते.